तीन आवर्तनं

आमच्या घरातली सकाळची पूजा गल्लीभर प्रसिद्ध होती. साडेसहाला घंटा वाजायची, मग वहिनीचा आवाज सुरू व्हायचा, आणि तो आठ वाजेपर्यंत थांबायचा नाही. समोरचा शिंपी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा, "नवरा-बायको जोडीनं पूजा करतात हो रोज. असं घर शोधून सापडायचं नाही." शिंप्याचं हे शेवटचं वाक्य मला शंभर टक्के पटायचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लोखंडी जाळ्या, ग्रिलची दारं, जिन्याचे कठडे बनवण्याचा त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. पत्र्याची एक शेड, दोन वेल्डिंग मशीन, एक कटर आणि चार माणसं. त्या चारांतला एक मी. आईवडील लवकर गेले, दादानं मला वाढवलं, जेवू घातलं, काम शिकवलं, आणि हे तो दिवसातून एकदा तरी मला ऐकवायचा. मी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. त्या घरात आणखी एक बाई आणायची माझी छाती झाली नाही.

दादाचा हात चालायचा. हे दोन शब्द आपण फार सहज बोलून जातो, म्हणून नीट सांगतो. एका फिटरनं दाराची पट्टी बोटभर आखूड कापली, तर दादानं त्याचा पंजा धरून नुकत्याच मारलेल्या वेल्डवर टेकवला, आणि मग स्वतःच त्याला दवाखान्यात नेऊन मलम लावून आणलं. भाजी खारट झाली म्हणून वहिनीचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. डाव्या भुवईत त्याची खूण होती. एकदा तिचं मनगट पिरगळून मोडलं. कारण काय, तर दुकानदाराशी बोलताना ती हसली. मनगट वाकडंच जुळलं, आणि मग पोळी लाटताना हात वाकडा का पडतो म्हणून तिनं वेगळा मार खाल्ला. पट्टा, चप्पल, लाटणं, सळई, हाताला लागेल ते. ओरडायचा मात्र नाही. शेडमध्ये माप घेताना असायचा तसा चेहरा ठेवून, तोंड मिटून मारायचा. मी शेजारच्या खोलीत छताकडे बघत पडायचो. कधी कधी रेडिओ मोठा करायचो. हे लिहिताना लाज वाटते. तेव्हाही वाटायची, पण त्या लाजेनं मला कधी अंथरुणातून उठवलं नाही.

फक्त पूजेच्या वेळी तो मारत नसे. अंघोळ करून, रेशमी सोवळं नेसून तो देवाच्या खोलीत पाटावर बसला, की आरती होऊन तीर्थ घेईपर्यंत पाटावरून उठायचा नाही आणि देवाच्या शब्दांखेरीज बोलायचा नाही. याला एक जुनं कारण होतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना मुलगा झाला. तो अडीच वर्षांचा असताना एका सकाळी दादा पूजेला बसला होता. हातावर पाणी घेऊन संकल्प सोडून झाला होता, अभिषेक चालू होता, आणि वहिनीच्या हातून तेलाचं भांडं कलंडलं. दादा पाटावरून उठला आणि त्यानं तिला केसांना धरून अंगणापर्यंत फरफटत नेलं. पूजा अर्धीच राहिली. अकराव्या दिवशी पोर तापानं गेलं. दादानं तेव्हापासून कानाला खडा लावला. पूजा अर्धी टाकून आपण उठलो म्हणून मूल गेलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. उठलो म्हणून. बायकोला फरफटत नेलं त्याबद्दलही देवाचं काही म्हणणं असू शकेल, असं त्याला कधी वाटलं नाही.

वहिनीनं ही गोष्ट बरोबर हेरली. सातवी शिकलेली, अंगानं काटकुळी बाई, पण त्या घरात डोकं असलं तर तिलाच होतं. सुरुवातीला देव्हाऱ्यात तीन देव होते आणि पूजा दहा मिनिटांत उरकायची. मग एक दिवस ती म्हणाली, स्वप्नात देवी आली होती. दादानं देवी आणली. देवीमागोमाग तिचं स्तोत्र आलं. मग बाळकृष्ण आला, शंख आला, शाळिग्राम आला, अन्नपूर्णा आली. प्रत्येकाला स्नान, गंध, फूल, नैवेद्य. दादा एकेक अक्षर लावत वाचायचा, त्याला पोथी झेपायची नाही. म्हणून वाचायची ती आणि हातानं करायचा तो. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला, अर्ध्या तासाचा तास, तासाचा दीड तास. मी मनात म्हणायचो, मार खाऊन खाऊन बाई देवभोळी झाली. एकतीस देव झाले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"वहिनी, एवढे देव कशाला हो?" मी एकदा तिला एकटी गाठून विचारलं.

ती ताम्हन घासत होती. मान वर न करता म्हणाली, "भावोजी, एक देव वाढला की तीन मिनिटं वाढतात. आठाला त्यांना शेडवर जावंच लागतं ना?"

सकाळचा मार तिनं असा बंद पाडला होता. संध्याकाळी पूजा सुरू करण्याचाही प्रयत्न करून पाहिला होता, पण दादा संध्याकाळी अंघोळीला तयार होईना.

मुलगा गेल्यावर दोन वर्षांनी ठकी झाली. ठकी हे मी ठेवलेलं नाव, कारण लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी टक लावून बघायची. मोठी झाल्यावर ती त्याच नजरेनं दादाकडे बघायला लागली. आमच्या घरात उलट बोलणारी ती एकटीच. बारावी झाली, आणि तीन तासांवरच्या शहरात, सरकारी दवाखान्यात राहून नर्सिंग शिकायला तिची निवड झाली. पत्र आलं. दादा नाही म्हणाला. ठकी म्हणाली, "मी जाणार."

दादानं तिला भिंतीशी उभं केलं आणि तिच्या उजव्या कानावर उघड्या पंज्यानं मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा कानातून रक्त आलं. ती खाली बसली तशी त्यानं पत्राचे आठ तुकडे केले. त्याच संध्याकाळी शेडवरून मशीन आणून त्यानं घराचं मागचं दार चौकटीला वेल्ड करून टाकलं. ठिणग्या स्वयंपाकघरात उडत होत्या आणि वहिनी त्या विझेपर्यंत पिठाचा डबा पदरानं झाकून उभी होती. पुढच्या दाराला त्यानंच बनवलेलं ग्रिल होतं, अंगठ्याएवढ्या जाड सळयांचं, आणि गजांच्या मधून आतबाहेर दोन्हीकडून लावता येईल असं कुलूप. खिडक्यांनाही तीच जाळी. किल्ली तो कमरेच्या करगोट्याला बांधून झोपायचा. सोवळ्यात लोखंड चालत नाही, म्हणून पूजेला बसताना तेवढी काढायचा आणि देवाच्या खोलीबाहेरच्या खिळ्याला अडकवायचा. ठकीच्या कानात त्या दिवसापासून जी शिटी वाजायला लागली, ती अजून वाजते.

हजर व्हायची शेवटची तारीख गुरुवार, दुपारी बारापर्यंत. गाडी एकच होती, सकाळी आठ दहाची, अकराला पोचणारी. दादाकडे मोटारसायकल होती. गाडी निघाल्यावर तास-दीड तासात जरी त्याला पत्ता लागला असता, तरी त्यानं तिला वाटेतल्या कुठल्याही थांब्यावर खाली ओढलं असतं. म्हणजे त्याला पाटावर बसवायचं, आणि बसवूनच ठेवायचं, दहा-सव्वादहापर्यंत.

बुधवारी जेवायला वाढताना वहिनीनं विषय काढला. "पोरीची बुद्धी फिरलीय. सहस्रनामाची तीन आवर्तनं करावीत असं मनात आहे. तुमच्या हातून. एकेक नाव घेत एकेक तुळशीचं पान वाहायचं."

दादा खूश झाला. आपल्या बायकोला आपलं म्हणणं पटलं असं त्याला क्वचितच वाटायचं. "तीन म्हणजे दहा वाजतील," तो म्हणाला. "वाजू देत. वेल्डरला शेडची किल्ली देऊन ठेवतो. आणि ती?"

"ती बाजूला बसलीय आजपासून."

पाळीच्या चार दिवसांत दादा ठकीच्या खोलीकडे बघायचाही नाही. तिची सावली पडली तर पुन्हा अंघोळ. त्यामुळे गुरुवारी सकाळी ती पूजेला का नाही, खोलीत आहे की नाही, हे तो विचारणार नव्हता. ती खरंच बाजूला बसली होती की नाही, ते मीही विचारलं नाही.

दादा हात धुवायला गेल्यावर वहिनी माझ्याजवळ आली. "भावोजी, उद्या तुम्ही घरी थांबायचं. पूजेला बसायचं."

"मी काय करू?"

"काही नाही. ते तुम्हाला चांगलं जमतं." मला राग आला नाही. यायला जागाच नव्हती. "देवांना स्नान घालून झालं की मी तुमच्याकडे बघेन. तेव्हा घंटा जोरात वाजवा. ठकी खिळ्यावरची किल्ली घेऊन बाहेर पडेल आणि कुलूप लावेल, त्याचा आवाज व्हायला नको."

"आणि पत्र?"

"चिकटवलंय. पिठाच्या खळीनं."

बाहेरून कुलूप लागणार याचा अर्थ काय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं होतं.

गुरुवारी दादा पाटावर बसला. पळीभर पाणी हातावर घेऊन त्यानं वहिनीपाठोपाठ संकल्प म्हटला आणि मुलीला सद्बुद्धी मिळावी म्हणून तीन आवर्तनं करण्याचं कबूल करून पाणी ताम्हनात सोडलं. एकतीस देवांना स्नान झालं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी घंटा उचलली. आमची घंटा पितळेची, चांगली शेरभर वजनाची. मी ती इतकी बडवली की दादानं डोळे उघडून माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. त्या आवाजात ठकी त्याच्या पाठीमागून गेली. मला ना तिची पावलं ऐकू आली ना कुलूप.

पहिलं आवर्तन झकास झालं. वहिनी नाव घ्यायची, शेवटी "नमः" म्हणायची, आणि दादा एक पान वाहायचा. त्याचा चेहरा तेव्हा खरंच शांत दिसायचा. मला वाटतं, त्या पाटावर बसल्यावर तो स्वतःला चांगला माणूस समजायचा. आठ वाजले, आठ दहा झाले. मी मनात गाडी सोडून दिली. दुसरं आवर्तन सुरू झालं, आणि साडेआठच्या सुमारास खिडकीखालच्या बोळातून वेल्डरची हाक आली. गाडीनं आलेला वेल्डिंगच्या कांड्यांचा खोका सोडवायला तो स्टँडवर गेला होता. माणूस भला, आणि त्या दिवशी त्याचा भलेपणाच आम्हाला नडला.

"दादा, ठकीताईला बसवून दिलं बरं का गाडीत. बॅग जड होती, मीच वर टाकली. खिडकीची जागा मिळाली." एवढं बोलून तो शेडकडे निघूनही गेला.

दादाची चिमूट तुळशीच्या पानासकट हवेत थांबली. त्यानं मान मागे वळवून ठकीच्या बंद दाराकडे पाहिलं, मग खिळ्याकडे. खिळा रिकामा होता. मला त्याच्या मानेवरची शीर दिसत होती. वहिनीनं पुढचं नाव घेतलं. "नमः," ती म्हणाली आणि थांबली, पान पडायची वाट बघत.

आता उठणार, मी म्हटलं.

पान पडलं.

"लवकर," दादा म्हणाला. वीस वर्षांत पूजेच्या पाटावर त्यानं बोललेला हा पहिला माणसांचा शब्द. वहिनीनं पुढचं नाव घेतलं, आधीपेक्षा सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून. पुन्हा थांबली.

"लवकर वाच."

ती आणखी सावकाश वाचायला लागली. दादानं हात लांब करून माझ्यापुढची घंटा उचलली आणि बसल्या जागेवरून तिच्या तोंडावर फेकून मारली. कपाळाला लागून ती जमिनीवर पडली, घरंगळत गेली आणि भिंतीशी जाऊन एकदा वाजली. वहिनीच्या केसांतून रक्ताची धार नाकाच्या बाजूनं खाली उतरून पोथीवर पडली. तिनं ते पदरानं टिपलं. पानावरच्या दोन ओळी लाल होऊन दिसेनाशा झाल्या होत्या, त्या तिनं पाठ म्हटल्या.

दादाला वाट सापडली होती. उठायचं नाही एवढीच अट, हात तर मोकळे होते. त्यानं पळी मारली, ताम्हन मारलं, सहाणेवरचं चंदनाचं खोड मारलं. पाटावर बसून पाय लांब करून तिच्या गुडघ्यांवर लाथा घातल्या. प्रत्येक लाथेनंतर ती मागे सरकायची, पोथी सावरायची, आणि पुढं सरकून पुन्हा पहिल्या जागेवर बसायची. मागे सरकून बसली असती तर त्याचा पाय पोचला नसता. ती पुढेच का येत होती, ते मला नंतर कळलं. हात-पाय पोचत होते तोवर त्याला उठायची गरज नव्हती. एवढं सगळं चालू असताना दर नावाला एक पान पडत होतं. तो मारायचा आणि वाहायचा. आणि मी हात बांधून समोर बसलो होतो, देवळातल्या कासवासारखा.

दुसरं आवर्तन संपलं. वहिनीनं पोथीचं पहिलं पान काढलं.

"दोन पुरेत," दादा म्हणाला. त्याचा श्वास फुलला होता.

"पाणी तीनाचं सोडलंय तुम्ही," ती म्हणाली. तिचा ओठ सुजला होता, शब्द जड येत होते. "पोरीसाठी सोडलंय. त्याच्या वेळी अर्ध्यावर उठलात, मग काय झालं ते विसरलात का?"

त्या मुलाचं नाव, त्याचा विषय, वीस वर्षांत आमच्या घरात कुणी काढला नव्हता. ते मूल तिचंही होतं. तिनं तेच उचलून त्याच्या छातीत खुपसलं, आणि दादाचं तोंड एकदम पांढरं पडलं. त्याआधी मला नेहमी दादाची भीती वाटायची. त्या क्षणी मला वहिनीची वाटली.

तो बसून राहिला. तिसरं आवर्तन सुरू झालं. पानं संपली होती, तिनं अक्षतांची वाटी पुढं सरकवली. दादा आता घामानं निथळत होता, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होता, देवाचं नाही. मूठभर अक्षता तो एकदम टाकायला गेला की ती गप्प व्हायची. एक दाणा पडेपर्यंत पुढचं नाव घ्यायची नाही. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वीस झाले, साडेनऊ झाले. देवा, उठवू नको, मी म्हणत होतो. आयुष्यात इतकं मनापासून मी देवाला दुसरं काही मागितलेलं नाही.

पावणेदहाला दादा उठला. गुडघ्यावर हात ठेवून, जेवण झाल्यावर माणूस उठतो तसा. वाटी लवंडली. तो सोवळ्यातच पुढच्या दाराशी गेला, ग्रिल ओढलं, आणि बाहेरचं कुलूप पाहून त्याच्या घशातून एक आवाज आला. त्यानं गज दोन्ही हातांनी धरून हलवले. खांदा मारला. लाथ घातली, पायाचा अंगठा फुटला. पण ग्रिल त्यानं स्वतः बनवलं होतं, आणि दादाच्या कामात कधी खोट नसायची.

"कटर आणा," तो ओरडला. "कुणीतरी वेल्डरला बोलवा, कटर घेऊन ये म्हणावं."

शिंपी दुकानातून धावत आला, तसाच शेडकडे पळाला. त्याची बायको आली, शेजारचे आले, दाराशी माणसं जमली. पुढच्या दारातून थेट देवाची खोली दिसते. आत वहिनी रक्तानं माखलेल्या तोंडानं वाचत बसली होती. ती थांबलेलीच नव्हती. समोर पाट रिकामा होता आणि ती नाव घेत होती, स्वतःच एकेक दाणा वाहत होती.

दादा मागे वळला. जाताना त्यानं समई उचलली. आमची समई कमरेएवढी, पितळेची, पेटलेली. तेल त्याच्या हातावर सांडलं, वात जमिनीवर पडून विझली. पहिला फटका वहिनीच्या खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा तोंडावर बसला. तिचा डावा डोळा मी त्यानंतर पाहिला नाही.

तेव्हा मी उठलो. छत्तीस वर्षांचा होतो. मी दादाचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि त्यानं मला मांजर झटकावं तसं झटकलं. मी पडल्या जागेवरून त्याचा पाय धरला. त्यानं माझा उजवा पंजा पाटावर दाबला आणि समईच्या बैठकीनं त्यावर तीन वेळा मारलं. मी किंचाळलो, पण दुसऱ्या हातानं त्याचा पाय सोडला नाही. त्यानं माझ्या पाठीत, मानेवर, डोक्यावर मारलं. मी सोडला नाही. तोंडात त्याच्या सोवळ्याचा काठ आला, तो चावून धरला. दाराबाहेर बायका रडत होत्या, पुरुष गज धरून ओरडत होते, "अहो सोडा तिला, मरेल ती." वीस वर्षं ज्या घरासमोर त्यांनी हात जोडले, ते घर त्यांना आज आतून दिसत होतं, आणि आत कुणालाच येता येत नव्हतं.

वेल्डर आला. त्याच ग्रिलचे गज त्यानंच दादाच्या हाताखाली जोडले होते. ते कापायला त्याला वीस मिनिटं लागली, आणि कापताना तो सगळा वेळ रडत होता. चार जणांनी दादाला खाली पाडून धरलं. तो एकाएकी थंड झाला. "सोडा मला," तो म्हणाला. "पूजा अर्धी राहिलीय." पोलीस येईपर्यंत तो तेवढं एकच बोलत होता.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी वहिनी शुद्धीवर आली. माझा हात पट्टीत होता. तिनं उजवा डोळा उघडून मला शोधलं.

"दार किती वाजता उघडलं?"

"सव्वादहा."

तिचे ओठ हलले, मनात काहीतरी जुळवत होती. "मग पोचली," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली. ठकी अकरा दहाला हजर झाली होती. खळीनं चिकटवलेलं पत्र पाहून तिथल्या कारकुनानं नाक मुरडलं, पण नाव लिहून घेतलं.

खटला उभा राहिला. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून, रेडिओसकट. न्यायाधीशांनी विचारलं, इतकी वर्षं गप्प का राहिलात? मी रेडिओचंच पुन्हा सांगितलं. दादाला सात वर्षांची शिक्षा झाली. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. मी डाव्या हातानं काम करायला शिकलो, दुसऱ्याच्या शेडमध्ये.

ठकीच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये वहिनीला काम मिळालं आणि मागच्या अंगाला एक खोली. निकालानंतर महिन्यानं मी तिला भेटायला गेलो. सकाळची वेळ होती, ठकी नुकतीच वॉर्डवर गेली होती. वहिनीनं मला चहा दिला आणि म्हणाली, "बसा हां भावोजी, पूजा करून घेते."

माझं तोंडच उतरलं. मी भिंतीला टेकून सैल बसलो, म्हटलं आता गेले दोन तास. कोनाड्यात मुठीएवढा एकच देव होता. ती त्याच्यापुढं उभी राहिली, बसलीसुद्धा नाही. दिवा लावला, एक फूल वाहिलं, हात जोडले, आणि पदर खोचून भांड्यांकडे वळली. माझा चहा अजून पिण्याजोगा झाला नव्हता.

"वहिनी, झाली?"

"झाली की," ती म्हणाली. "आता कुणाला बसवून ठेवायचंय?"